आईंची फंक्शनल असेसमेंट (रोजची कामं आणि हालचाली किती जमतात त्याची तपासणी) करून आणली, तीही दोनदा. अनुभव लिहितेय

लांबलचक झालंय, चहा घेऊन बसा. ज्यांच्या घरी सत्तरीपुढची आई, सासू, मावशी आहे आणि ती "मला काय धाड भरलीये" म्हणते, त्यांच्यासाठी लिहितेय. क्लिनिकचं नाव टाकत नाही, कारण तक्रारी पण बऱ्याच आहेत आणि तिथली फिजिओ मुलगी मात्र इतकी गुणी आहे की माझ्यामुळे तिला बोलणी बसायला नकोत. पुण्यात नळ स्टॉपच्या आसपास आहे एवढं पुरे.

आधी का गेलो ते सांगते. श्रावणात नात्यातल्या एका मुलीची मंगळागौर होती सहकारनगरला. आई (माझ्या सासूबाई, वय 76) खाली सतरंजीवर बसल्या, फुगड्या बघितल्या, उखाणा पण घेतला झोकात, आणि जेवायला उठायच्या वेळी उठताच येईना. दोघींनी काखेत हात घालून उभं केलं. "मुंग्या आल्या गं पायाला" म्हणून हसल्या, मग सगळ्याच हसल्या. नंतर रिक्षात सहकारनगर ते कोथरूड एक शब्द बोलल्या नाहीत. आमच्या आई आणि गप्प! तिथेच मला कळलं काय ते.

आमचे फॅमिली डॉक्टर म्हणाले, एक्सरे वगैरे नंतर बघू, आधी रोजची कामं आणि हालचाली किती जमतात ते कुणाकडून तरी नीट मोजून घ्या. मला वाटलं मोजायचं काय त्यात, चालतात, फिरतात, स्वयंपाक करतात. पण शोधलं तर बऱ्याच ठिकाणी करतात हे आता. या ठिकाणी 1800 रुपये, दीड तास लागतो म्हणाले, गणपती झाल्यावरची अपॉइंटमेंट मिळाली. बाबा (माझे सासरे) पण आले बरोबर, त्यांना घरी एकटं बसायचं नव्हतं.

आता पहिली तक्रार. म्हाताऱ्या माणसांचा तोल तपासायचं क्लिनिक आणि दारात तीन पायऱ्या, त्याही उंच, आणि धरायला कठडा नाही!! आईंनी माझा खांदा धरला, बाबांनी आईंचा पदर धरला अशी आमची वरात आत गेली. आत वेटिंगला एक मऊ मऊ सोफा, बसलं की माणूस कोपरापर्यंत आत. तिथे पन्नास मिनिटं बसवलं, आणि नाव पुकारल्यावर आईंना त्या सोफ्यातून काही केल्या उठता येईना. रिसेप्शनवरची मुलगी तिथूनच ओरडतेय, "आजी, या ना लवकर." आईंना परक्या माणसाने आजी म्हटलेलं अजिबात खपत नाही, त्यात असं ओरडून. मूड गेला तिथेच. मला तर वाटलं टेस्ट इथेच झाली, घरी जाऊ.

मग ती फिजिओ आली. सत्तावीस अठ्ठावीसची असेल. "काकू, सोफा वाईटच आहे आमचा, माझी पण आई अडकते त्यात" म्हणाली आणि समोर उभी राहिली, हात नाही दिला, कसं सरकायचं ते सांगितलं. पुढे या, पाय मागे घ्या, नाक गुडघ्यांच्या पुढे न्या, आता उठा. आई उठल्या! मूड परत आला.

पहिला भाग प्रश्नांचा. दोन याद्या असतात, जगभर वापरतात म्हणे. एक 1963 सालची, कॅट्झ नावाच्या डॉक्टरांची, त्यात सहा गोष्टी: आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, अंथरुणातून नाहीतर खुर्चीतून उठणं, लघवी-संडासवर ताबा, हाताने जेवणं. दुसरी 1969 ची, लॉटन आणि ब्रॉडी यांची, आठ गोष्टींची: फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं, पैशाचे व्यवहार. प्रत्येकाला आईंचं उत्तर तयार, "करते की." आंघोळ? करते की. बाजार? करते की. प्रवास? "हो तर, मेट्रोने जाते." (एकदा गेल्यात, आनंदनगर ते डेक्कन, आम्ही चौघं बरोबर होतो, आणि सरकता जिना नको म्हणून लिफ्टने.) बँक? "सगळं मीच बघते." बँकेचं सगळं गेली चार वर्षं माझा नवरा मोबाईलवर करतो. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्या मुलीने मला डोळ्यानेच गप्प केलं. सहापैकी सहा, आठपैकी आठ. फुल मार्क!

यात एक गंमत झाली ती सांगायलाच हवी. बाबा म्हणाले माझी पण परीक्षा घ्या. तर ती हसून म्हणाली, त्या आठ गोष्टींच्या यादीत आधी पुरुषांना स्वयंपाक, घरकाम आणि कपडे धुणं धरायचेच नाहीत, त्यांना पाचातच मार्क. बाबांचा चेहरा असा खुलला! म्हणजे ज्या माणसाने 81 वर्षांत स्वतःचा चहा केला नाही तो पाचपैकी पाच घेऊन पूर्ण स्वावलंबी, आणि आई उद्या पोळ्या लाटायच्या बंद झाल्या की त्यांचे मार्क कापणार. आता सगळ्यांना आठच्या आठ विचारतात बऱ्याच ठिकाणी, पण मला रात्रभर ते आठवून हसू आणि राग दोन्ही येत होतं.

असो. खरा प्रकार यानंतर सुरू झाला, आणि यासाठीच मी हे लिहायला बसले. फुल मार्कांचा कागद बाजूला ठेवून ती मुलगी म्हणाली, "काकू, हे सगळं तुम्ही करता, मान्य. आता सांगा, पाच वर्षांपूर्वी जसं करायचात तसंच करता, की काही वेगळं करता?" आई गप्प. मग म्हणाल्या, "नारळ आता खोवलेलाच आणते." का? "सोयीचं पडतं." विळीवर बसून खोवायच्या त्या, विळी कुठंय आता? माळ्यावर. भाजी? डायनिंग टेबलवर सुरीने. आंघोळ? स्टुलावर बसून. मंडई? "दारात भाजीवाला येतो हल्ली, कशाला उगाच तंगडतोड." पीएमटी? "पायरी उंच असते मेली." साडी? घरात गाऊनच, बाहेर जायचं असलं की निऱ्या घालताना कपाटाला टेकून. कणीक दोनदा थोडी थोडी मळते. तांदळाचा मोठा डबा खाली होता तो वर ओट्यावर आला. देवपूजा खुर्चीवर. मी तिथे बसून ऐकतेय आणि मला एकेक आठवतंय, प्रत्येक वेळी त्यांनी काहीतरी कारण दिलं होतं आणि मी हो म्हणून सोडून दिलं होतं. मी त्याच घरात राहते हो! खोवलेल्या नारळाची पाकिटं फ्रीजमध्ये मीच लावते.

ती म्हणाली यावर अमेरिकेत बाल्टिमोरला खास बायकांवरच अभ्यास झालाय, 65 च्या पुढच्या, 1990 च्या दशकात सुरू झालेला. लिंडा फ्रीड नावाच्या डॉक्टरबाईंनी त्यात हेच पकडलं, की ज्या बायका "मला काही त्रास नाही" म्हणतात पण कामाची पद्धत बदललेली असते किंवा ते काम करणंच कमी केलेलं असतं, त्यांना पुढे खरोखर अडचण यायचं प्रमाण जास्त असतं. म्हणजे अडचण यायच्या आधीची पायरी. शरीर मागे सरकतंय आणि बाई हुशार असल्यामुळे घर त्याप्रमाणे लावून घेतेय, कुणाला कळत पण नाही, तिला स्वतःला पण नाही. आमच्या आई तर भलत्याच हुशार.

मग प्रत्यक्ष टेस्ट. सगळ्या साध्या आहेत, मशीन असं एकच, हाताची पकड मोजायचं. ते दाबायचं आणि किलोमध्ये आकडा येतो. आशियातल्या बायकांसाठी 18 किलोच्या खाली म्हणजे पकड कमी असं धरतात (2019 चे निकष आहेत), आईंची उजव्या हाताची आली 15. लोणच्याच्या बरणीचं झाकण माझ्याकडे का येतं त्याचं उत्तर मिळालं.

तोलासाठी पाय जुळवून उभं राहायचं दहा सेकंद, मग एक पाय अर्धा पुढे, मग एकापुढे एक, टाचेला अंगठा लावून. पहिले दोन जमले, तिसऱ्यात चार सेकंदात गेल्या, तिने लगेच धरलं. चार मीटर नेहमीच्या चालीने चालायचं, 5.1 सेकंद. म्हणजे सेकंदाला मीटरभर पण नाही. मी मनात हिशोब केला, कर्वे रोड नुसता वीस मीटर धरला तरी पंचवीस सेकंद, आणि दुचाकीवाले काय थांबतात माहितीये ना. हाताची घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठायचं, सोळा सेकंद. या तिन्हींचे मिळून बारापैकी मार्क असतात, आईंना आठ. तिकडे सहापैकी सहा, आठपैकी आठ आणि इकडे बारापैकी आठ, एकाच बाईचे, एकाच सकाळी.

मग खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन वळून परत येऊन बसायचं, ते 14 सेकंद. 12 किंवा जास्त लागले तर पडायचा धोका आहे असं समजतात. ती मागून बघत होती, म्हणाली वेळेपेक्षा वळताना किती पावलं घेतात ते बघा. आई चक्क सहा सात बारीक पावलांत वळतात. आणि तीस सेकंदांत किती वेळा उठता येतं ती एक टेस्ट, त्यात हाताचा आधार घेतला तर शून्यच. आईंनी पहिल्याच झटक्यात मांडीवर हात टेकवला. "अहो काकू, हात!" मग परत घेतली, आठ झाले. 75 ते 79 च्या बायकांना किमान दहा जमायला हवेत. (मी पण केली, वय 51, चौदा झाले आणि गुडघा कटकन वाजला. तो विषय वेगळा.)

आता माझी मोठी तक्रार, तिला पण बोलून दाखवली. या सगळ्या टेस्ट खुर्चीवरच्या. आपल्या बायकांचं अर्धं आयुष्य जमिनीवर गेलेलं. पूजा जमिनीवर, निवडणं टिपणं जमिनीवर, हळदीकुंकू, भजनी मंडळ, गावाला गेलं की उकिडवं बसायचा संडास. आणि आई अडकल्या त्या सतरंजीवर, खुर्चीत नाही! पॅकेजमध्ये जमिनीवरून उठायची टेस्टच नाही. विचारलं म्हणून तिने केली. ब्राझीलच्या डॉक्टरांची आहे, दहा मार्कांची, बसायचे पाच आणि उठायचे पाच, हात, गुडघा, जे टेकवाल त्याचा एक कमी, तोल गेला की अर्धा कमी. मागे ती आणि पुढे मी उभी. आईंना साडेचार. विशेष म्हणजे बाबा तेव्हा बाहेर जाऊन उभे राहिले, बघवलं नाही बहुतेक. हे घरी एकट्याने करून बघू नका प्लीज, खाली बसलात आणि उठता नाही आलं तर पंचाईत.

सगळ्यात उपयोगाची गोष्ट निघाली ती अगदी वेगळीच. औषधांची पिशवी बरोबर आणा असं फोनवर सांगितलं होतं. तिने आईंना पाच मिनिटं झोपवून बीपी घेतलं, मग उभं करून परत. झोपून 142, उभं राहिल्यावर 118. वरचा आकडा 20 किंवा जास्त उतरला की लक्ष द्यायचं असतं म्हणाली. पिशवीत बीपीच्या दोन गोळ्या आणि एक झोपेची, जी कुणीतरी कोविडच्या वेळी पंधरा दिवसांसाठी दिलेली आणि आई अजून घेत होत्या!! पहाटे बाथरूमला उठल्यावर डोळ्यापुढे अंधारी येते हे पण तेव्हाच कळलं, "ते काय सगळ्यांनाच येतं." तिने गोळ्यांना हात लावला नाही, चिठ्ठी देऊन डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी झोपेची हळूहळू कमी करत बंद केली, बीपीची एक बदलली. तुम्ही स्वतःच्या मनाने बंद करू नका काही. पण माझे 1800 मला तिथेच वसूल वाटले.

रिपोर्टचं मात्र काय सांगू. चार पानी इंग्लिश, सगळी आद्याक्षरं, कुठलं काय कळत नाही, आणि दुसऱ्या पानावर आईंचा चक्क "मिस्टर" झालेला. आधीच्या पेशंटचं कॉपी पेस्ट. फोन केल्यावर दुरुस्त करून पाठवला, पण मग बाकीचे आकडे तरी आपलेच आहेत ना अशी शंका येतेच, मी वहीत लिहून घेतले होते म्हणून ताडून बघितलं. वही न्या. आणि निघताना काउंटरवर बारा सेशनचं पॅकेज 9600, आज भरलं तर दहा टक्के सूट, अशी मागे लागली ती रिसेप्शनवरची मुलगी की कुकर घ्यायला आलोय वाटावं. नाही घेतलं. फिजिओने घरी करायचे चार व्यायाम कागदावर काढून दिले होते, माणसाचं काडीचं चित्र, तेच पुरले. खुर्चीतून उठणं दिवसातून दोनदा, ओटा धरून टाचा उचलणं, ओट्याला धरूनच एकापुढे एक पाऊल, आणि ओला नॅपकिन पिळणं. शेवटचा आईंना आवडला कारण काम होतं.

घरी आल्यावर मी आईंकडे नुसतं बघायला लागले. तिसऱ्या दिवशी दिसलं. आमच्या पॅसेजच्या भिंतीवर कमरेच्या जरा वर एक मळकट पट्टा आहे, बेडरूमच्या दारापासून बाथरूमपर्यंत, तेलकट हात फिरल्यासारखा. दिवाळीला रंग दिला तरी परत येतो. आमच्या पोराला मी त्यावरून दोन वर्षं ओरडतेय, क्रिकेट खेळून आलास की हात पुसतोस भिंतीला म्हणून. त्या दिवशी आई उठल्या आणि उजवा हात भिंतीवरून घसटत घसटत बाथरूमला गेल्या, पट्ट्याच्या बरोबर वरून. पोराला सॉरी म्हटलं. त्याने पाचशे रुपये मागितले.

तीन महिन्यांनी परत गेलो, फेरतपासणी 700 रुपये. यावेळी दहा मिनिटांत आत. पण खुर्ची दुसरी! आधीची कडक लाकडी होती, साधारण सतरा इंच उंच, ही प्लास्टिकची, बरीच बुटकी. मी म्हटलं तीच खुर्ची आणा, नाहीतर तुलना कशी करणार? बुटक्या खुर्चीतून उठायला जास्त जोर लागतो हे मला कळतं तर यांना कळायला नको? वेगळा माणूस होता त्या दिवशी, जरा नाराज झाला पण शोधून आणली. चप्पल पण आधीचीच घालून नेली होती मी, मुद्दाम. तीस सेकंदांत आठाचे दहा झाले, उठून वळून यायचं चौदावरून सव्वाबारावर आलं, पकड 16, म्हणजे तिथेच आहे जवळजवळ. जमिनीवरची टेस्ट याने केलीच नाही, "प्रोटोकॉलमध्ये नाही" म्हणाला. ती फिजिओ असेल त्याच दिवशीची वेळ घ्या हा माझा सल्ला. आणि घरातल्यांनी मध्ये बोलू नका, मी पहिल्या वेळी बोलले असते तर आईंनी नारळाचं काही सांगितलं नसतं.

क्लिनिकला पाचपैकी साडेतीन. चार दिले असते, पण त्या पायऱ्या. दुसऱ्या वेळी पण कठडा नव्हता, "काम चालू आहे" म्हणाले, मला तरी एक खिळा दिसला नाही. आमच्या पॅसेजचा दांडा मात्र सुताराने बसवला, पट्ट्याच्या उंचीवर, आईंनी अट घातली होती की स्टीलचा नको, दवाखाना वाटतो, दाराच्या रंगाचा लाकडी हवा.

नाव हवं असेल त्यांनी इनबॉक्समध्ये विचारा. आणि वेटिंगला त्या सोफ्यावर बसवू नका कुणाला, घरून घडीची खुर्ची न्या. आम्ही दुसऱ्या वेळी नेली, बाबा बसले तिच्यावर आणि आई उभ्याच राहिल्या.